रिब स्वतः बांधायची असेल तर आधी ट्यूबचं बोलू, हलचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणच्या बाजूला घर, पाच मीटरची रिब (खाली टणक तळ आणि कडेने हवेची ट्यूब असलेली बोट) स्वतः बांधायची, हौसेसाठी आणि मित्रांना डायव्हिंगला न्यायला. फायबरचं काम करणारा एक ओळखीचा माणूस हाताशी आहे. आणि विचारताय की ट्यूबला पीव्हीसी घेऊ की हायपॅलॉन, हल, म्हणजे खालचं टणक अंग, प्लायचा की फायबरचा, आणि मुळात पडून असलेल्या जुन्या मच्छीमारी होडीलाच ट्यूब चिकटवून भागेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, नाही भागणार, का ते पुढे सांगतो. बाकीच्यांचं उत्तर एकाच गोष्टीवर येऊन अडतं आणि ती म्हणजे ट्यूब. सगळे हलबद्दल विचारतात, डेडराइज (तळाच्या व्हीचा कोन) किती, फायबरच्या मॅटचे थर किती, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, आणि ट्यूब शेवटी कुठूनतरी आणून चिकटवू असं धरून चालतात. हल कोकणात कुठेही होतो हो, मालवणपासून अलिबागपर्यंत फायबरचं काम करणारे पायलीला पन्नास आहेत. पण मी रिपेअरीला आलेल्या ज्या रिब बघतो त्यात हल ठणठणीत असतो आणि ट्यूबचा जॉइंट सुटलेला असतो. आणि जॉइंट सुटतो तो बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात चिकटवल्यामुळे. तेव्हा कामाचं सगळं वेळापत्रक ट्यूब चिकटवायच्या सोल्युशनच्या भोवती बांधा, बाकी सगळं त्याच्या मागून येईल.

थोडं मागचं सांगतो कारण त्यात तुमच्या उपयोगाचं आहे. रिब हा प्रकार कुठल्या मोठ्या शिपयार्डात जन्मला नाही. वेल्समध्ये समुद्राकाठी अटलांटिक कॉलेज म्हणून एक निवासी शाळा १९६२ मध्ये सुरू झाली, तिचे पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर, ब्रिटिश नेव्हीतले निवृत्त रिअर अॅडमिरल. सेलिंग करणाऱ्या मुलांच्या सोबतीला सेफ्टी बोट म्हणून त्यांच्याकडे साध्या फुगवायच्या बोटी होत्या, पण किनारा गोट्यांचा, तळाचं कापड घासून फाटायचं. मग त्यांनी तळाला प्लाय लावला, मग त्या प्लायला व्ही आकार दिला, आणि शाळेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना हाताशी धरून एकामागून एक बोटी बांधत गेले. पुढे त्याचं पेटंट त्यांनी आरएनएलआय या तिथल्या लाइफबोट संस्थेला एका पौंडात देऊन टाकलं, आणि १९७२ पासून संस्थेच्या ताफ्यात जी लाइफबोट आली तिचं नाव या कॉलेजवरूनच अटलांटिक २१. सांगायचा मुद्दा हा की शाळकरी पोरांनी प्लायने बांधलेली चीज आहे ही, तुम्हाला जमणार नाही असं काही नाही. आणि तुम्हाला एकच बोट बांधायची असेल तर मी आजही प्लायच सांगीन.

आता जुन्या होडीचं. आपली मच्छीमारी होडी कमी ताकदीच्या इंजिनावर किंवा वल्ह्यावर पाणी कापत जाण्यासाठी केलेली असते, अरुंद, तळाला गोलसर, मागे निमुळती. रिब पळते ती पाण्यावर चढून, प्लेनिंग करून, त्याला तळ मागपर्यंत सरळ आणि कडा धारदार लागतात. होडीला ट्यूब लावलीत तर ती डोलायची कमी होईल, बुडायची नाही, पण ४० हॉर्सपॉवर लावून वेग दिलात की मागून बसेल, नाक आभाळात जाईल आणि पेट्रोल पिईल नुसती. अशी होडी मासेमारीला ठेवा, तिथेच ती शोभते.

कापडाचं. बाजारात दोनच घराणी, पीव्हीसी आणि हायपॅलॉन. हायपॅलॉन हे ड्यूपाँटचं ब्रँडनेम होतं, कंपनीने २०१० च्या सुमारास त्याचं उत्पादन बंद केलं, आता दुसऱ्या कंपन्या तेच रबर, सीएसएम म्हणतात त्याला, बनवतात आणि आपण सवयीने हायपॅलॉनच म्हणतो. बाहेरून सीएसएम, आतून निओप्रीन, मध्ये पॉलिस्टरचं विणलेलं कापड. पीव्हीसी निम्म्याहून स्वस्त पडू शकतं, आणि त्याला गरम हवेने वेल्डिंग करता येतं हा त्याचा खरा फायदा. पण वेल्डिंगचं ते मशीन आणि हात दोन्ही तुमच्याकडे नाहीत. आणि आपलं ऊन. पीव्हीसीला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर उन्हाने हळूहळू बाहेर येतं, मग कापड आधी चिकट होतं, मग कडक, मग घडीवर तडकतं. बोट वर्षाचे आठ महिने किनाऱ्यावर उघडी पडणार असेल तर हायपॅलॉनच घ्या, वाद नको. ती शेडमध्ये आणि कव्हरखाली राहणार, शनिवार-रविवार निघणार, आणि बजेट अगदीच ताणलेलं, तर पीव्हीसी घ्या पण चांगल्या नावाचं घ्या, ०.९ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. ताडपत्रीच्या दुकानातलं पीव्हीसी किलोवर मिळतं तेच कापड आहे असं कोणी सांगेल, ऐकू नका, त्याला विणीतून हवा जाते.

ट्यूबचा व्यास ४५ सेंटिमीटर ठेवा. त्याला दोन कारणं. एक म्हणजे तरंगायची ताकद, ४५ च्या ट्यूबच्या एका मीटरमध्ये साधारण १५९ लिटर हवा बसते, पाच मीटरच्या बोटीला दोन्ही बाजू आणि नाळ (पुढचं टोक) धरून साडेदहा मीटर ट्यूब लागते, म्हणजे जवळपास १७०० किलो उचलण्याची ताकद. तुमची बोट, इंजिन, पेट्रोल आणि सहा माणसं मिळून हजारच्या आतबाहेर जातील, त्यामुळे ट्यूबमधला हवेचा एखादा कप्पा, म्हणजे चेंबर, फाटला तरी घरी याल. दुसरं कारण फार कोणी सांगत नाही. या कापडाचे बरेच रोल दीड मीटर रुंदीचे येतात, ४५ च्या ट्यूबचा घेर १.४१ मीटर, त्यात ४ सेंटिमीटरचा लॅप (कडेवर कड चढते ती पट्टी) धरला की १.४५, रोलात बरोब्बर बसतं. ट्यूब ५० ची केलीत तर घेर १.५७ होतो आणि प्रत्येक तुकड्याला लांबभर एक जॉइंट वाढतो. शिवाय ट्यूब जाड केली की आतली जागा जाते. बोट बाहेरून २.१ मीटर रुंद असेल तर ४५ च्या दोन ट्यूब ९० सेंटिमीटर खातात आणि आत उरतात १.२ मीटर, त्यात सिलिंडर, माणसं, स्टीअरिंगचं कन्सोल. कागदावर आखून बघा, बरेच लोक इथेच पाच मीटरवरून साडेपाचवर जातात.

कटिंग. सरळ तुकडे म्हणजे काही नाही, कसोटी नाळेच्या वळणाला. ट्यूब प्रत्यक्षात वाकत नाही, तिरपे कापलेले छोटे छोटे नळकांडे जोडून वळण करायचं असतं. एका जॉइंटला १५ अंश वळवायचे असतील तर दोन्ही तुकड्यांची कड साडेसात-साडेसात अंश तिरपी. आणि तिरपं कापलेलं नळकांडं उलगडून सपाट केलं की कड सरळ रेषेत येत नाही, लाटेसारखी येते, शिंप्याने बाही कापताना वरची कड गोल कापावी तशी. लाटेची उंची काढायची सोपी रीत, ट्यूबची त्रिज्या गुणिले त्या कोनाचा टॅन, म्हणजे २२५ मिलिमीटर गुणिले टॅन ७.५, साधारण ३० मिलिमीटर. मधल्या रेषेपासून ३० वर आणि ३० खाली. हे झालं सपाट वळणाचं. नाळ वर उचलायची असेल, आणि उचलायलाच हवी, तर प्रत्येक जॉइंटला ती लाट घेराभोवती थोडी फिरवावी लागते, आणि इथे भल्याभल्यांचं डोकं फिरतं. म्हणून गणितावर विसंबू नका, नमुना करा. त्याला फुकटचा माल गावात टांगलेला असतो, नेत्यांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. तेही पीव्हीसी लावलेलं कापडच आहे. फ्लेक्सची अख्खी नाळ कापा, साध्या टेपने आणि सोल्युशनने जोडा, पंख्याने नाहीतर ब्लोअरने फुगवा आणि हलवर ठेवून बघा. फ्लेक्स दाब झेलणार नाही पण आकार दाखवेल. हा नमुना पटेपर्यंत खऱ्या कापडाला कात्री लावू नका.

चेंबर पाच करा, निदान तीन. आतले पडदे सपाट नको, शंकूसारखे किंवा अर्धगोल, म्हणजे एका बाजूचा दाब वाढला तर पडदा दुसरीकडे सरकतो आणि शिवण फाटत नाही. फुगवताना एकच चेंबर पूर्ण भरून दुसरा रिकामा ठेवायचा नाही, सगळे अर्धे अर्धे भरायचे आणि मग एक फेरी मारून पूर्ण करायचे. व्हॉल्व्ह हॅल्की रॉबर्ट्स किंवा लीफिल्डसारखे नावाजलेले घ्या, खेळण्यातल्या बोटीचे नको. आयएसओ ६१८५ म्हणून या बोटींचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, तुमची बोट त्याच्या तिसऱ्या भागात येते, ८ मीटरच्या आतली आणि १५ किलोवॅट किंवा जास्त इंजिनाची. घरी बांधणाऱ्याला याचं सर्टिफिकेट बहुतेक कोणी मागणार नाही, तरी मिळालं तर वाचून काढा, चेंबर आणि वजनाचे नियम त्यात नीट दिलेत.

आता दाब, कारण यात लोक फार फसतात. ट्यूबला ०.२ ते ०.२५ बार पुरे, म्हणजे तीन-साडेतीन पीएसआय. गाडीच्या टायरच्या मानाने काहीच नाही असं वाटतं आणि मग शिवणीला गृहीत धरलं जातं. हिशोब बघा, ०.२२ बारला ४५ च्या ट्यूबच्या लांबभर शिवणीच्या दर पाच सेंटिमीटरवर जवळपास २५ किलोचा ताण असतो, रात्रंदिवस, बोट उभी असली तरी. कापड हा ताण हसत घेतं, प्रश्न तुमच्या सोल्युशनचा आहे.

त्यात ऊन मिळवा. गेजवर ०.२ दिसतं ते बाहेरच्या हवेच्या वरचं, आत प्रत्यक्षात १.२ बार आहे. सकाळी २७ डिग्रीला भरलेली काळपट ट्यूब मे महिन्यात दुपारी ५७ ला गेली की आतला दाब दहा टक्के वाढतो, १.२ चा १.३२ होतो, आणि गेजवर ०.२ चे ०.३२ दिसतात. म्हणजे शिवणीवरचा ताण दीडपटीच्या वर, तोही नेमका सोल्युशन उन्हाने मऊ पडलेलं असताना. कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरतं पण दिशा हीच. उलटही होतं, तापलेल्या वाळूवर ४५ डिग्रीला नीट भरून २८ च्या पाण्यात ढकलली की ०.२ चे ०.१४ होतात, माणूस म्हणतो लीक आहे, लीक वगैरे काही नसतं. त्यामुळे पाण्यात गेल्यावर पाच मिनिटांनी गेज लावून भरायचं, आणि किनाऱ्यावर ओढल्यावर थोडी हवा सोडायची. जास्तीचा दाब आपोआप सोडणारे रिलीफ व्हॉल्व्ह मिळतात, आपल्याकडे ते लावाच.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते, सोल्युशन. हायपॅलॉनचं सोल्युशन दोन भागांचं असतं, रबर आणि हार्डनर. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, चपलेचं सोल्युशन, सनमायका लावायचं फेविकॉल, यातलं काहीही इथे चालत नाही, पहिल्या उन्हात सरकतं. पीव्हीसीला वेगळं, पीयूचं (पॉलियुरेथेनचं) दोन भागी. एकाचं दुसऱ्याला वापरू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याला पाण्याचं भारी वेड. हवेत दमटपणा असेल तर तो रबराशी जुळायच्या आधी हवेतल्या पाण्याशीच जुळून मोकळा होतो. दुसरं असं की सोल्युशनमधला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार करतो आणि त्यावर दंव धरतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं बारीक. वरून जॉइंट झकास दिसतो, हाताने ओढून सुटत नाही, तुम्ही खूश. मग दोन उन्हाळे जातात आणि लांबच्या लांब पट्टी सोलून येते.

म्हणून हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असताना आणि तापमान साधारण १८ ते २५ असताना चिकटवायचं, ७० ला तर हात आवरायचा. कोकणात पावसाळ्यात ती ८५-९० असते, विषयच संपला. आपल्याकडे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळचं दंव उडून गेल्यावर, साडेदहा-अकराला सुरू करून ऊन कलायच्या आत बंद. आर्द्रतामापक किरकोळ किमतीत ऑनलाइन मिळतो, कामाच्या टेबलावर ठेवा, अंदाजाने नाही. एसी खोलीत करू का असं काहीजण विचारतात. छोटी रिपेअरी करा, पण अख्खी ट्यूब बंद खोलीत चिकटवायला घेतलीत तर टोल्युईन या सॉल्व्हंटच्या वाफेने आधी चक्कर येईल, मग कोणीतरी स्विच दाबेल आणि ठिणगीने भडका उडेल. बाजूंनी झाकलेली पण हवा खेळती असलेली शेड, तोंडावर गॅसचा फिल्टर असलेला मास्क, साधा कापडी नाही, आणि आसपास विडी-काडी कोणाची नको.

पद्धत अशी. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायचे, आतला धागा दिसला तर जास्त झालं. हायपॅलॉन टोल्युईनने पुसायचं, पीव्हीसी एमईके या सॉल्व्हंटने, पांढऱ्या सुती कापडाने, रंगीत चिंधीचा रंग उतरतो. सोल्युशन तासा-दीड तासात संपेल एवढंच कालवायचं. पहिला हात पातळ, अर्धा-पाऊण तास वाळवायचा, मग दुसरा हात, आणि बोटाची मागची बाजू लावली तर चिकटल्यासारखं वाटतं पण बोटाला लागत नाही अशी वेळ आली की जोडायचं. एका टोकाकडून हळूहळू, मध्ये हवा न कोंडता, लगेच रोलर दाबून. एकदा टेकलं की उचलून परत बसवायचं नाही, त्यामुळे आधी पेन्सिलीने खुणा करून कोरडी तालीम करा. आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही. फुगवून बघायची खुमखुमी तिसऱ्या दिवशी येते, ती दाबा. लॅप ४ सेंटिमीटर, आतून एक पट्टी, बाहेरून एक पट्टी.

ट्यूब हलवर बसवताना हलची बाजू ६० नंबरने चांगली खरवडा. फायबरचा हल मोल्डमधून काढलेला असेल तर त्यावर मेण असतं आणि मेणावर काहीही चिकटत नाही, आधी सॉल्व्हंटने धुवा आणि मग घासा, उलटं केलंत तर घासताना मेण आत रगडलं जाईल. नवीन फायबरला तीन-चार आठवडे सुकू द्या, रेझिनचा वास येत असेपर्यंत थांबा.

हलबद्दल आता पटकन. एका बोटीसाठी फायबरचा साचा करत बसलात तर साच्यातच निम्मा हंगाम आणि निम्मे पैसे जातील, साचा पाच-दहा बोटींवर फिटतो. म्हणून सांगतो, मरीन प्लाय आणि इपॉक्सी. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या, दुकानदार ३०३ दाखवेल आणि तोच वॉटरप्रूफ म्हणेल, स्वयंपाकघराला ठीक आहे तो. ७१० मध्येही चांगल्या कंपनीचा, एक तुकडा कापून काही तास पाण्यात उकळा, थर सुटले तर परत. तळाला ९ मिलिमीटर, नाळेकडे जिथे पिळ पडतो तिथे ६ चे दोन थर. वरून फायबर चढवायचं ते इपॉक्सीने, पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही, काही वर्षांनी पापुद्रा निघतो.

आणि ओळखीचा माणूस पॉलिस्टरमध्येच करून देतो म्हणाला, मोल्डही त्याच्याकडे आहे, तर तेही चालेल, मात्र गेलकोटच्या (सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर) आत आयसो रेझिन, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारं, साधं जीपी नको. एक गोष्ट त्याला माहीत असणारच पण तुम्ही मदतीला उभे राहाल म्हणून सांगतो, कोबाल्ट आणि हार्डनर (पॉलिस्टर रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ते दोन द्रव) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट रेझिनमध्ये आधी नीट ढवळून मग हार्डनर, आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कोपऱ्यात.

डेडराइज ट्रान्समला, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या उभ्या फळीशी, २० ते २२ अंश ठेवा. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि तोकड्या उभ्या लाटा येतात, सपाट तळ त्यात कंबर मोडेल. २४ केलात तर अजून मऊ जाईल पण इंजिन मोठं लागेल. ट्यूब कुठल्या उंचीला बसते हे महत्त्वाचं, उभ्या बोटीत मागच्या बाजूला ट्यूब पाण्याला नुसती टेकली पाहिजे आणि वेगात पूर्ण सुटली पाहिजे. खाली बसवली तर ती सतत पाणी ओढते, फार वर बसवली तर डायव्हर एका बाजूने चढताना बोट आधी कलंडते आणि मग टेकते. ट्यूब चिकटवायच्या आधी नुसता हल पाण्यात टाका, इंजिनाच्या आणि माणसांच्या जागी पाण्याचे कॅन नाहीतर वाळूच्या गोणी ठेवा, पाण्याची रेघ मारून घ्या. डेकची उंचीही त्यावरच ठरवा. डेक त्या रेघेच्या वर असेल तरच आत आलेलं पाणी आपोआप मागून जाईल, खाली असेल तर त्याच भोकांतून पाणी आत येईल.

डेकखाली फोम ओतायचा मोह होतो. मी नाही ओतत. ओतलेला पीयू फोम वर्षानुवर्षात पाणी पितो आणि वजन वाढत जातं, बाहेरून कळतही नाही. सीलबंद कप्पे ठेवा, प्रत्येकाला झाकण, निघताना उघडून बघायचे, तरंगायला ट्यूब आहेच.

ट्रान्सम हा लाकडी बोटीत सगळ्यात आधी कुजतो. १८ चे दोन आणि १२ चा एक प्लाय इपॉक्सीने दाबून ४८ मिलिमीटर करा, कडा सगळ्या इपॉक्सीने बंद. इंजिनाचं भोक आधी मोठं पाडायचं, ते इपॉक्सीने भरायचं, आणि मग त्यात बोल्टच्या मापाचं परत पाडायचं, म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही. उंची इंजिनाच्या शाफ्टवरून, शॉर्टला १५ इंच, लाँगला २० इंच, म्हणून आधी इंजिन ठरवा मग ट्रान्सम कापा. पाच मीटरला ४० ते ६० हॉर्सपॉवर पुष्कळ, फोर-स्ट्रोक ६० घेतलं तर शंभर किलोच्या वर वजन मागे टांगलं जाणार, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवून तोल साधा. किल कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला किंवा पायाला, नेहमी. नट-बोल्ट एसएस ३१६ चे, आपल्याकडे दुकानात बहुतेक ३०४ मिळतं आणि लोहचुंबकाने दोघांतला फरक कळत नाही, बिल मागा किंवा मॉलीब्डेनम तपासायचा थेंब मिळतो तो वापरा.

कागदपत्रं. काम सुरू करायच्या आधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या तुमच्या बंदराच्या निरीक्षकांना भेटा, ड्रॉइंग दाखवा आणि काय लागेल ते विचारा. बोट झाल्यावर गेलात तर आत काय घातलंय हे दाखवायला डेक फोडावा लागेल. मित्रांना नेणं वेगळं आणि पैसे घेऊन टुरिस्ट नेणं वेगळं, दुसऱ्याला सर्व्हे आणि परवाना लागतो, त्यात पळवाट शोधू नका.

ट्रायल कुठे घ्यायची हेही आधीच ठरवा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत इंजिनची चाचणी चालू असलेली नेव्हीची स्पीडबोट ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. ती तर शिकलेल्या लोकांची बोट होती. नवीन इंजिन, नवीन स्टीअरिंग, तर जेट्टीपासून, बोटींपासून, पोहणाऱ्यांपासून लांब, अंगात लाइफ जॅकेट, आणि सोबतीला दुसरी बोट. तुमच्या किनाऱ्यावर अजून एक शत्रू आहे, कालवं. खडकाला आणि जेट्टीच्या खांबांना चिकटलेल्या कालवांची धार ब्लेडची असते आणि हायपॅलॉनही चिरतं. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला जाड रबराची पट्टी लावा, आणि जेट्टीला बोट कधीही थेट टेकवू नका, मध्ये फेंडर.

वेळापत्रक असं लावा. पावसाळ्यात, समुद्र बंद असतो तेव्हा, ड्रॉइंग, फ्लेक्सचा नमुना आणि आतलं सुतारकाम. नारळी पौर्णिमेनंतर ऊन मिळायला लागलं की हलवर इपॉक्सी. डिसेंबरात कापड हाताशी हवं, आणि सोल्युशनचे डबे त्याच वर्षीचे, एक्स्पायरी बघून, गेल्या वर्षीचा उरलेला डबा कोणी फुकट देत असेल तरी नको. ट्यूब जानेवारीत. मग दाबाची तपासणी, साबणाच्या पाण्याने सगळ्या शिवणी बघायच्या, आणि २४ तासांनी गेज बघायचं ते त्याच वेळी, म्हणजे सकाळी सात तर सकाळी सातच, नाहीतर तापमानाचा फरकच लीक म्हणून दिसेल.

आणि पूर्ण ट्यूबला हात घालण्याआधी याच हिवाळ्यात एक काम करा, त्याच कापडाची एक मीटरची ट्यूब बनवा, एका टोकाला शंकू, मध्ये एक पडदा, दोन्ही भागांना एकेक व्हॉल्व्ह. फुगवून गच्चीवर टाका, मे संपेपर्यंत तिथेच असू दे. जूनमध्ये तिची शिवण पकडीने ओढून बघा. सोल्युशन रबरासकट फाटून आलं तर हात बसलाय, पुढच्या हिवाळ्यात बिनधास्त कामाला लागा. पापुद्र्यासारखं स्वच्छ सोलून आलं तर हल तुम्ही बांधा आणि ट्यूब मापं देऊन तयार करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, बाहेरच्या देशांतही घरी बांधणारे बरेच जण तेच करतात.

पैसे वाचतील का असंही विचारलंत. फारसे नाही. सेकंडहँड चांगली मिळाली तर ती स्वस्त पडेल. कापडाची ऑर्डर देण्याआधी फ्लेक्सची नाळ हलवर फुगवून ठेवलेला फोटो टाका, एक समोरून आणि एक बाजूने, आणि इंजिन कुठलं ठरलं तेही लिहा, चेंबर कुठे तोडायचे आणि कापड किती मीटर मागवायचं ते त्यावरून सांगतो.